विमानातला मोबाइल : एका बंदीची बदलती कारणे

(सांगवी, ता. बारामती येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विमानप्रवासात प्रवाशांनी मोबाइल वापरावा की नाही, याला कायद्याने दिलेले उत्तर अगदी सोपे आहे. फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि मग खुशाल वापरावा. भारतात हे उत्तर एप्रिल २०१४ पासून लागू आहे. त्याआधी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी फोन पुरता बंद करावा लागे. मग इतक्या सोप्या उत्तरावर एक संध्याकाळ खर्च करण्याचे कारण काय? कारण एवढेच की, नियम काय आहे हे बहुतेकांना ठाऊक असते, तो कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. असा नियम पहिल्या प्रवासात भीतीने पाळला जातो, दुसऱ्या प्रवासात शेजारी पाळतो म्हणून पाळला जातो, आणि तिसऱ्या प्रवासात पाळला जात नाही.

सांगवीहून विमान गाठायचे तर पुण्याच्या लोहगावचा किंवा मुंबईचा रस्ता धरावा लागतो. बारामतीला धावपट्टी आहे, पण तिचा रोजचा वापर मुख्यतः वैमानिक घडवणाऱ्या संस्थांच्या छोट्या प्रशिक्षण विमानांसाठी. तिकीट काढून बसावे अशी नियमित सेवा तिथे नाही. तरीही विमानप्रवास या पट्ट्याला आता नवलाचा राहिलेला नाही. मुलगा किंवा सून परदेशात, आणि नातवंडाच्या वेळी आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे, हे घरोघर ऐकू येते. अशा आई-वडिलांच्या फोनमध्ये काय असते? तिकीट, पासपोर्टचा फोटो, गोळ्यांची यादी, मुलाचा नंबर, उतरल्यावर कुठे जायचे त्याचा पत्ता. या माणसाला ‘फोन बंद करा’ असे सांगणे ही किरकोळ सूचना नव्हे. त्याचे कारण त्याला नीट कळले पाहिजे.

आणि गंमत अशी की, कारण एक नाहीच. गेल्या साठ वर्षांत बंदी तीच राहिली आणि तिच्याखालचे कारण मात्र तीन-चार वेळा बदलले.

पहिले कारण मोबाइल नव्हतेच. मोबाइलचा पत्ताही नव्हता तेव्हा, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत विमानात एफएम रेडिओ लावायला मनाई झाली. रेडिओ तर नुसता ऐकतो. तो काही प्रक्षेपण करत नाही. मग त्याची भीती का वाटावी? इथे थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. एफएम रेडिओ केंद्राची लहर जशीच्या तशी कानापर्यंत पोहोचवत नाही. संचाच्या आत स्वतःची एक बारीक लहर तयार होते, ती केंद्राच्या लहरीत मिसळली जाते, आणि या दोन लहरींतले अंतर नेहमी १०.७ मेगाहर्ट्झ राहील अशी रचना असते. पुण्याच्या विविध भारतीचे उदाहरण घ्यावे. ते १०१ मेगाहर्ट्झवर लागते. १०१ मध्ये १०.७ मिळवले की १११.७ होतात, बहुतेक संचांत आतली लहर अशी वरच्या अंगाला असते. आता विमानाकडे वळू. उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर धरून ठेवणारी जी रेडिओ-यंत्रणा, तिच्यासाठी राखलेला पट्टा आहे १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ. म्हणजे खिडकीशी बसून गाणी ऐकणाऱ्या प्रवाशाचा संच, त्याच्या नकळत, नेमका त्या पट्ट्यात पुटपुटत असणार. आवाज फार बारीक, पण जागा नेमकी चुकीची. बंदी आली ती या हिशेबावरून.

या पहिल्या बंदीला एक शेपूट आहे. भारताच्या १९३७ च्या विमान नियमांत २९-ब हा नियम आहे. विमानात हातातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरू नयेत, असे तो सांगतो आणि मग सवलतींची यादी देतो : आवाज टिपणारे छोटे यंत्र, श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर आणि विजेवर चालणारे दाढीचे यंत्र. पेसमेकरला सूट दिली नसती तर काय झाले असते, हा विचार करण्यासारखा आहे. पण दाढीचे यंत्रही त्या यादीत आहे. यादी करणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणता प्रवासी होता, ते यावरून कळते. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी या जुन्या नियमांची चौकट एका रात्रीत नाहीशी झालेली नाही.

दुसरे कारण आले १९९१ मध्ये, आणि ते विमानाकडून आलेच नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हवेतून मोबाइल वापरण्यावर बंदी घातली ती जमिनीवरच्या टॉवरांच्या काळजीने. टॉवरांचे जाळे एका साध्या गृहीतावर उभे असते : माणूस जमिनीवर आहे, आणि त्याचा फोन आसपासच्या दोन-चार टॉवरांनाच दिसतो. सांगवीतल्या फोनला सांगवीचा टॉवर दिसतो, फार तर पलीकडच्या माळेगावचा. इंदापूरचा दिसत नाही, म्हणूनच इंदापूरच्या टॉवरला तीच लहर दुसऱ्या कोणासाठी वापरता येते. आता हाच फोन दहा किलोमीटर वर नेला तर? तेवढ्या उंचीवरून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरवर असते. बारामतीच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला एका अंगाला मुंबई आणि दुसऱ्या अंगाला सोलापूर, दोन्ही क्षितिजाच्या अलीकडे पडतात. मधल्या शेकडो टॉवरांशी त्या फोनची सरळ नजरानजर होते. एका फोनची लहर अनेक टॉवरांच्या कानांवर एकदम पडली, तर एकच लहर पुन्हा पुन्हा वापरण्याची सगळी काटकसर कोलमडते.

बरे, एवढे करून बोलणे तरी होते का? होत नाही. टॉवरच्या अँटेना किंचित खाली, गावाकडे झुकवलेल्या असतात, आकाशाकडे नव्हे. शिवाय ताशी ८०० किलोमीटरने जाणारे विमान सेकंदाला २२० मीटर पुढे सरकते, म्हणजे पाच किलोमीटरचा टापू वीस-बावीस सेकंदांत मागे पडतो. एका टॉवरने ओळख पटवून घेईपर्यंत दुसरा येतो. फोन मग काय करतो? रेंज मिळत नाही तेव्हा कोणताही फोन जे करतो तेच : पूर्ण ताकदीने हाका मारत राहतो. बॅटरी तापते आणि उतरते. अमेरिकेत उतरल्यावर मुलाला फोन लावायचा आहे आणि बॅटरीत चार टक्के उरलेत, असा प्रसंग फ्लाइट मोड न लावलेल्या माणसावर येतो. नियमाची ही बाजू निव्वळ प्रवाशाच्या फायद्याची आहे, आणि घोषणेत नेमकी तीच सांगितली जात नाही.

आता तो प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात आहे. मोबाइलमुळे विमानाच्या यंत्रांत खरोखर बिघाड होतो का?

सरळ उत्तर : मोबाइलमुळे प्रवासी विमान पडले, असे सिद्ध झालेले एकही उदाहरण नाही. पण ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘होऊच शकत नाही’ यांत अंतर आहे, ते मोजून घ्यावे लागते.

गणपतीच्या मांडवात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये माइकजवळ कोणाचा तरी फोन असे आणि तो वाजण्याच्या क्षणभर आधी लाउडस्पीकरमधून ‘टरर्र-टक-टक-टरर्र’ असा आवाज येई. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे लोक तो विसरलेले नाहीत. त्या काळचा टू-जी फोन सलग प्रक्षेपण करत नसे. तो सेकंदाला २१७ वेळा थांबत-सुटत बोलत असे, आणि प्रत्येक झटक्याची ताकद दोन वॉटपर्यंत जाई. स्पीकरच्या वायरीला त्या झटक्यांची बाधा होई. वैमानिकाच्या कानावरच्या हेडफोनलाही नेमकी हीच बाधा होते. त्याने विमान पडत नाही. पण नियंत्रण कक्षाने दिलेला आकडा ‘तीन हजार’ होता की ‘चार हजार’, हे त्या खरखरीत हुकू शकते, आणि विमान उतरण्याच्या घाईत पुन्हा विचारायला लावणारी प्रत्येक गोष्ट नको असते. आजचे फोर-जी फोन जास्तीत जास्त पाव वॉटच्या आसपास प्रक्षेपण करतात, त्यामुळे तो आवाज आता क्वचितच ऐकू येतो. धोका कमी झाला. शून्य झालेला नाही.

विमाने तरी कशी असतात? आधुनिक विमानाच्या वायरी जाळीच्या कवचात असतात, यंत्रे मोठमोठ्या रडारांच्या झोतातही टिकतील अशी तपासलेली असतात. प्रवाशांच्या फोनांची बाधा होते का, याची वेगळी चाचणी घेऊन मगच विमान कंपनीने परवानगी द्यायची असते. वैमानिकही कॉकपिटमध्ये नकाशे टॅबलेटवर बघतात. प्रवाशांपैकी कोणी तरी हा मुद्दा हमखास काढतो, आणि मुद्दा बरोबरच आहे. फक्त तो टॅबलेट तपासलेला असतो. दीडशे-दोनशे प्रवाशांचे फोन कोणी तपासलेले नसतात. कोणाचा पडून फुटलेला, कोणाचा पेठेत उघडून जोडलेला, कोणाचा नकली चार्जरवर वाढलेला.

रेडिओच्या बाधेचा धडा शिकायला विमानतळापर्यंत जायचीही गरज नाही. याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिथे पाहायला जाणाऱ्याला मोबाइल बंद करावा लागतो, आणि तिथे या सूचनेवर कोणी हुज्जत घालत नाही. का? कारण तिथले शास्त्रज्ञ सांगतात की ही दुर्बीण आकाशातून येणारी अतिशय क्षीण लहर ऐकते. एखादा मोबाइल चंद्रावर ठेवला तरी तो या दुर्बिणीला आकाशातल्या प्रखर तारकास्रोतांसारखा दिसेल. कारण सांगितले की माणूस ऐकतो, हे खोडदला रोज दिसते. विमानाची उतरण्याची यंत्रणा इतकी हळवी नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. उपग्रहांकडून येणारी जीपीएसची लहर मात्र खरोखरच फार क्षीण असते.

मग विमानात हा धोका पक्का का सांगता येत नाही? कारण तो पुन्हा घडवून पाहता येत नाही. वैमानिकाला होकायंत्राची सुई हललेली दिसली, प्रवाशांना फोन बंद करायला सांगितले आणि सुई जागेवर आली, तर ती फोनमुळे आली की आपसूक? ते विमान, ते फोन, त्या जागा, तो क्षण परत जमवता येत नाही. म्हणून नियम करणाऱ्यांनी पुराव्याऐवजी सावधगिरीचा आधार घेतला. दाट धुक्यात, धावपट्टी दिसत नसताना, विमान पूर्णपणे यंत्रांच्या भरवशावर उतरते. तेवढ्या वेळेपुरते फोन पुरते बंद करा असे आजही सांगितले जाऊ शकते, आणि ते रास्तच आहे.

इथे अफवांचाही थोडा समाचार घ्यायला हवा. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळात पोखऱ्याला यती एअरलाइन्सचे विमान कोसळले. विमानातला एक भारतीय प्रवासी त्या वेळी फेसबुकवर थेट चित्रण करत होता, आणि ते दृश्य जगभर फिरले. ‘बघा, मोबाइल चालू होता म्हणूनच’ असे लगेच सुरू झाले. चौकशीत निघाले ते वेगळेच : कॉकपिटमधल्या दोन दांड्या चुकून अशा ओढल्या गेल्या की दोन्ही पंख्यांचा जोर गेला. मोबाइल त्या अपघाताचा साक्षीदार होता. आरोपी नव्हता.

आणि जिथे खरोखर मोठी भीती उभी राहिली, तिथे प्रवाशाचा फोन हा विषयच नव्हता. १९ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाने अमेरिकेला जाणारी काही उड्डाणे रद्द केली. त्यांत मुंबई–नेवार्कही होते. कारण अमेरिकेत सुरू होणारे फाइव्ह-जी. तिथे त्यासाठी दिलेला पट्टा ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झ, आणि विमानाचे जमिनीपासूनचे अंतर मोजणारे रेडिओ अल्टिमीटर चालते ४.२ ते ४.४ वर. दोन शेतांमध्ये बांध होता, पण अरुंद. भारतात फाइव्ह-जीला ३.३ ते ३.६७ चा पट्टा मिळाला, म्हणजे बांध बराच रुंद. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना कळवले की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्याचे टॉवर उभारू नयेत. धोका टॉवरचा होता. तो टॉवरवाल्यांनाच सांगितला गेला. हेच योग्य.

नियमांची पुढची वाट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अमेरिका आणि युरोपने २०१३ च्या अखेरीस उड्डाणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत फ्लाइट मोडवर उपकरणे वापरायला मोकळीक दिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१४ मध्ये भारतात तेच केले. जानेवारी २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, शिफारस केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात नियम निघाले : भारतीय आकाशात तीन हजार मीटरच्या वर विमानातून इंटरनेट आणि फोन, दोन्हींची सेवा देता येईल. सप्टेंबर २०२० मध्ये विस्तारा कंपनीने आंतरराष्ट्रीय मार्गावर वाय-फाय सुरू केले, आणि जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने काही देशांतर्गत विमानांतही. म्हणजे आज फ्लाइट मोडवरचा फोन वाय-फायने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘निघालो’ असे कळवू शकतो, आणि कायदा कुठेही मोडत नाही.

मग आजचे खरे कारण कोणते? यंत्रांचे कारण पातळ झाले, टॉवरचे कारण प्रवाशाला दिसत नाही. आज विमानातल्या मोबाइलचा सर्वांत मोठा धोका लहरींत नाही. तो बॅटरीत आहे.

फोनमधल्या लिथियम बॅटरीत थोड्या जागेत भरपूर ऊर्जा कोंबलेली असते. ती दबली, वाकली, आतले पातळ पडदे फाटले किंवा बनावटच सदोष असली, की आतल्या आत उष्णता वाढते. उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते, त्या क्रियेने आणखी उष्णता. हे चक्र एकदा फिरले की ज्वाला विझवल्या तरी आत धग राहते आणि पुन्हा पेट घेते. २३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून धूर आला. आत सॅमसंगचा नोट-२ फोन होता. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे यंत्र वापरले आणि मग तो फोन पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवला. तेच बरोबर होते, कारण अशा वेळी ज्वाला विझवण्याइतकेच बॅटरी थंड करणे महत्त्वाचे. एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगडहून दिल्लीला जाणाऱ्या विमानातही प्रवाशाच्या फोनमधून ठिणग्या आणि धूर निघाला आणि कर्मचाऱ्यांनी तो विझवला. त्याआधी, २०१६ मध्येच, सॅमसंगचा नोट-७ हा फोन जगभरातल्या विमानांतून हद्दपार झाला होता.

यातून दोन सूचना निघतात, आणि त्या दोन्ही प्रवाशांना विचित्र वाटतात. पहिली : पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. अनेकांना वाटते, धोक्याची वस्तू तर सामानाच्या पोटात, माणसांपासून दूर हवी. उलट आहे. केबिनमध्ये धूर निघाला तर कोणाला तरी दिसतो, वास येतो, पाणी ओतता येते. सामानकक्षात बघायला कोण आहे? तिथली आगरोधक यंत्रणा कागद-कापडाची आग दाबते, बॅटरीच्या आतली धग दाबू शकत नाही. म्हणून शंभर वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातात नेता येते. त्यापेक्षा मोठी, १६० वॉट-तासांपर्यंतची असेल तर कंपनीची परवानगी लागते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे मर्यादेत बसते. ज्या पॉवर बँकेवर आकडाच पुसलेला आहे, ती सुरक्षा तपासणीत अडकू शकते. घरून निघतानाच बघून घ्यावे.

दुसरी : फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. माणसाचा हात लगेच सीटच्या बटणाकडे जातो. सीट सरकते, तिची लोखंडी यंत्रणा फोनवर येते, फोन चेपतो, आणि वर सांगितलेले चक्र सुरू होते. रात्रीच्या लांबच्या प्रवासात, पांघरूण ओढून झोपलेल्या माणसाच्या मांडीवरून फोन घसरतो आणि नेमका त्या फटीत जातो. ही सूचना अनेक विमान कंपन्या देतात. पण ती सूचनांच्या पोटात कुठे तरी असते, आणि ‘दिशादर्शक यंत्रणेत बाधा’ मात्र पहिल्या ओळीत. आजूबाजूचे दहा फोन चालू आणि विमान सुखरूप, हे प्रवासी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पहिली ओळ त्याला फोल वाटली की त्याच दमात सांगितलेली बॅटरीची ओळही फोल वाटू लागते. घोषणेचा क्रम उलटा केला पाहिजे : आधी बॅटरी, मग लक्ष, मग लहरी.

‘लक्ष’ म्हणजे काय? विमानप्रवासातली जोखीम उड्डाणानंतरच्या आणि उतरण्याआधीच्या काही मिनिटांत एकवटलेली असते. प्रवासी विमानाला मान्यता मिळवताना हे दाखवून द्यावे लागते की निम्मी दारे बंद असतानाही भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे होते. नव्वद सेकंद. त्यात इअरफोन कानात असलेल्या माणसाला सूचना ऐकू येण्यात किती जाणार? ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईत धावपट्टीवर आपटले. आतले तीनशेही जण वाचले, पण एका अग्निशमन जवानाचा जीव गेला. धूर भरत असताना काही प्रवासी वरच्या कप्प्यातल्या बॅगा काढताना चित्रणात दिसतात. हे चित्रण कोणी केले? बाहेर पडण्याऐवजी फोन हातात धरलेल्या प्रवाशाने. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाचे पाच जण दगावले, पण जळत्या प्रवासी विमानातले ३७९ जण उतरले, कारण बहुतेकांनी सामान सोडले आणि कर्मचारी सांगतील तसे केले. म्हणून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर असला तरी तो खिशात आणि कान मोकळे असावेत. नियम इतके मागत नाही. शहाणपण मागते.

राहिला शेजाऱ्याला होणारा त्रास. तंत्र म्हणते, विमानातून फोनवर बोलता येते. विमानातच छोटा टॉवर बसवला की प्रवाशांचे फोन त्याच्याशीच जोडले जातात, अगदी कमी ताकदीवर बोलतात, आणि पुढचा प्रवास उपग्रहातून होतो; १९९१ ची टॉवरांची अडचण अशी सुटते. एमिरेट्सने २० मार्च २००८ रोजी दुबई–कासाब्लांका मार्गावर असे पहिले अधिकृत संभाषण करून दाखवले. युरोपने त्याच वर्षी परवानगी दिली. अमेरिकेने २०१३ मध्ये बंदी उठवायचा विचार केला आणि २०२० मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला. अडचण तंत्राची नव्हती. हवाई कर्मचारी आणि प्रवासी यांनीच नको म्हटले.

का नको म्हटले, हे कोणत्याही एसटीत बसलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टला बसमध्ये मोठ्या आवाजात मोबाइल लावण्यावर बंदी घालावी लागली. रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये रात्री दहानंतरच्या फोनवरील गप्पांना आवर घातला. बसमध्ये निदान पुढच्या थांब्यावर उतरता येते. विमानाच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारा माणूस आणि त्याच्या कोपराला कोपर लावून बसलेला माणूस, दोघेही बारा तास तिथेच. ऊसबिल आले का, कोर्टाची तारीख कधी, कोणाचे लग्न मोडले, हे सगळे तीस रांगांना ऐकवायचे? मेसेज पाठवावा, मेल पाठवावा, चित्रपट बघावा. बोलणे जमिनीवर करावे. या बाबतीत कायद्याने परवानगी दिली असली तरी कंपन्यांनी ती वापरू नये, हेच बरे.

नुसत्या मेसेजनेही काय होऊ शकते, ते १४ ऑगस्ट २०२२ रोजी मंगळुरूला दिसले. मुंबईला निघालेल्या विमानात एका प्रवासी बाईंची नजर शेजारच्या फोनवरच्या मेसेजकडे गेली, तो त्यांना संशयास्पद वाटला, त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले. सगळ्यांना उतरवून सामानाची पुन्हा झडती झाली आणि विमान सहा तासांहून अधिक उशिरा सुटले. निघाले काय? दोन मित्रमैत्रिणींची थट्टामस्करी. विमानात स्फोट, अपहरण असले शब्द थट्टेतही टाइप करू नयेत, एवढे व्यवहारज्ञान यातून घ्यावे. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकवावे का, हा वेगळा विषय, आणि त्याच्यावर मराठी माणसाला व्याख्यान देणे अवघड.

शेवटचा भाग कॅमेऱ्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगडहून मुंबईला आलेल्या विमानात एका अभिनेत्रीभोवती वार्ताहरांनी कॅमेरे घेऊन गर्दी केली. डीजीसीएने कंपन्यांना तंबी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी खुलासाही केला की प्रवाशाने खिडकीतून किंवा आतून फोटो-चित्रण करायला २००४ पासूनच मोकळीक आहे. मनाई आहे ती गोंधळ माजवून सुरक्षेला बाधा आणणाऱ्या चित्रणाला. पण ही मोकळीक सगळ्या विमानतळांवर सारखी लागू नाही. सांगवीकर ज्या लोहगावला जातात तो हवाई दलाचा तळ आहे. गोव्याचे दाबोळी नौदलाचा. मे २०२५ मध्ये डीजीसीएने अशा संरक्षण तळांवर जमिनीवर असताना आणि उड्डाण-उतरणीच्या वेळी चित्रण करायला मनाई केली. तेव्हा लोहगावला विमान टेकले आणि सक्रिय धावपट्टीवरून बाजूला वळले की फ्लाइट मोड काढता येतो, घरी ‘पोहोचलो’ असे सांगता येते; मात्र खिडकीबाहेर उभी लढाऊ विमाने दिसली तरी कॅमेरा उघडता येत नाही. त्या वेळी कर्मचाऱ्यांनी हटकले, तर त्याचा लहरींशी काही संबंध नसतो. कारण हवाई दलाचा तळ, एवढेच असते.